वाळीतली चूल

हॉविसचा दिवस राखेपासून सुरू व्हायचा. निजण्याआधी ती निखारे राखेखाली पुरून ठेवी आणि पहाटे काटकीने राख उकरून, गुडघ्यांवर बसून फुंकर घाली. आतला लाल डोळा उघडला की तिला हायसं वाटे. घराच्या मधोमध, दगडांच्या कोंडाळ्यातली ही चूल तिने विझू दिली नव्हती. विझली तर विस्तव मागायचा कोणाकडे?

ॲल्डरकोट गावात दुसऱ्या कोणाची चूल विझली, तर घरची बाई मडकं घेऊन शेजारी जाई, दोन निखारे घेई आणि त्या दोन निखाऱ्यांपायी तासभर बसून येई. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या डुकरिणीला किती पिल्लं झाली, सगळं त्या मडक्यातून घरोघर फिरत असे. हॉविसच्या दारात सहा हिवाळे झाले, कोणी मडकं घेऊन आलं नव्हतं. तिचं मडकंही कोणी भरलं नसतं. तिचं घर वाळीत होतं.

"ऊठ रे," ती कोलला म्हणाली. दिवसातलं तिचं पहिलं बोलणं त्या काळ्या कुत्र्याशी असे आणि बहुधा शेवटचंही.

कोल उठला आणि लंगडत दाराशी गेला. दर तिसऱ्या वर्षी रानाचे लोक, म्हणजे राजाच्या रानाचे पहारेकरी, गावातली कुत्री गोळा करत, पुढचा एक पाय ओंडक्यावर ठेवत आणि छिनीच्या एका घावात तीन नखं मुळासकट उडवत. राजाच्या हरणामागे कुत्रं धावू नये म्हणून. राजाने हे रान कधी पाहिलं नव्हतं आणि हरणांनी राजाला पाहिलं नव्हतं, पण गावातली सारी कुत्री त्याच्यापायी एकाच चालीने लंगडत होती.

माणसांचंही फारसं वेगळं नव्हतं. रानाचा कायदा असा होता की मेलेलं हरीण ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने आरडाओरडा करून गाव गोळा करायचं. मग आसपासच्या चार गावांची चौकशी व्हायची, आणि ज्याच्यावर संशय त्याने, किंवा संशय कोणावरच नसेल तर ज्याने पाहिलं त्याने, दोन जामीन द्यायचे. जामीन मिळाले तर घरी राहायचं. नाही मिळाले तर शहरातल्या तुरुंगात, रानाचे न्यायाधीश येईपर्यंत. न्यायाधीश कधी यायचे? आले की आले.

हॉविसच्या नवऱ्याला, थर्स्टनला, कुंपणाशी मेलेलं हरीण दिसलं होतं. सरळ माणूस होता. कायद्याप्रमाणे ओरडला. जामीन विचारले तेव्हा अख्खं गाव आपापल्या पायतणांकडे बघत राहिलं. दुसऱ्या हिवाळ्यात तो तुरुंगातल्या तापाने गेला. न्यायाधीश त्यानंतर आले.

आणि ज्या दिवशी त्याला नेलं त्याच दिवशी गावातल्या जुन्या बायका बादल्या घेऊन आल्या होत्या. रानाने ज्या घरातलं माणूस नेलं त्या घराच्या चुलीत पाणी ओतायचं, ही ॲल्डरकोटची रीत होती. म्हणजे हे घर आमच्यात नाही. त्या घराला विस्तव नाही, नांगराला जोडीदार नाही, गिरणीवर पाळी सगळ्यांच्या शेवटी, विहिरीवर सगळ्या गेल्यावर, आणि देवळात उत्तरेच्या दाराशी, वाऱ्यात. बायका गेल्यावर हॉविसने ओली राख उपसली आणि चकमक घेऊन बसली. ठिणगी धरायला संध्याकाळ झाली. तेव्हापासून ती चूल तिची एकटीची होती.

सेंट मायकलचा शरदातला सण होऊन गेला होता. ओकची फळं पडायला लागली होती आणि गावातली डुकरं रानात सोडली होती. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की हॉविसला स्वतःचं कुंपण दिसत नव्हतं. ती काटक्या वेचायला निघाली तर कोल खंदकाच्या काठावर थांबला आणि घशातल्या घशात गुरगुरला.

खंदकात हरिणी पडली होती. बरगडीत मोडक्या बाणाचं टोक. डोळा उघडा, त्यावर दंव.

हॉविस काठावर आली. तेच कुंपण, तोच खंदक. तिला वाटलं, आपण म्हातारपणी जुनंच काहीतरी बघतोय. मग ती वाकली आणि तिला दिसलं की मागच्या खुरात कोबीचं पान अडकलंय. तिच्याकडे कोबी नव्हता. दंवाने भिजलेल्या गवतात एक रुंद, काळपट पट्टा ओढल्यासारखा गेला होता, आणि तो शेजारच्या एलियासच्या परसाकडे जात होता. त्या टोकाला, धुकं क्षणभर विरळ झालं तेव्हा, एक वाकलेली पाठ कुंपण ओलांडताना दिसली आणि नाहीशी झाली.

तिने कोलला गळ्याच्या दोरीला धरलं आणि त्या पट्ट्याच्या कडेने चालत गेली.

एलियास परसात फावड्याने माती सारखी करत होता. त्याने मान वर केली नाही. ही सहा वर्षांची सवय होती. हॉविस जवळून गेली की हात चालू ठेवायचे आणि कान बंद.

"एलियास, तुझ्या कोबीचं पान माझ्या खंदकात आलंय," ती म्हणाली. "खुरात अडकून."

फावडं थांबलं.

"हळू बोला, काकू. सबीना निजलीय."

काकू. हा शब्द तिने सहा वर्षांत ऐकला नव्हता. या पोराला थर्स्टनने नांगर धरायला शिकवलं होतं. तेव्हा तो दिवसातून चार वेळा काकू म्हणायचा, तीन वेळा खायला मागायला.

"तू मारलंस?"

"देवाशपथ नाही. बाण कोणाचा, कुठे लागला, मला काय माहीत? उजाडता उठलो तर कोबीत पडलेलं. धापा टाकत होतं. माझ्या डोळ्यांसमोर मेलं."

"मग ओरडायचं. कायदा आहे."

"थर्स्टनकाका ओरडले होते."

 हॉविसने कोलच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हणून माझ्या दारात आणून टाकलंस?"

"रागावू नका, काकू. खरं सांगू का? तुमच्याकडून ते आता काय नेणार? माणूस नेला. चूल गावाने विझवली. तुमच्याकडे नेण्यासारखं काही उरलं नाही. माझ्याकडे आहे." त्याने घराकडे पाहिलं. सबीनाला, त्याच्या बायकोला, सातवा महिना होता.

"मी उरलेय ना रे."

"बाईमाणसाला नेत नाहीत म्हणतात."

"म्हणतात. नेलेल्या बायका काही सांगायला परत आल्या नाहीत."

एलियासने खाली पायतणांकडे बघितलं. ती नजर हॉविसच्या ओळखीची होती. सहा वर्षांपूर्वी, जामीन कोण म्हणून विचारलं तेव्हा, तो असाच उभा होता. तेव्हा दाढी आलेली नव्हती एवढंच.

"परत ओढून आणतो," तो म्हणाला. "ओढ्यात टाकतो."

"गवत सगळं बोलतंय. किती ओढशील?"

तेवढ्यात रानाच्या बाजूने शिंग वाजलं. एकदा, मग जवळून दुसऱ्यांदा. जखमी हरणाच्या रक्तावरून रानाचे लोक येत होते.

दुपारपर्यंत चार गावांची माणसं हॉविसच्या खंदकाशी उभी होती. इतकी माणसं तिच्या दाराशी जमली होती ती त्याआधी एकदाच. धुकं वर गेलं होतं. रानाचा अंमलदार वॉरिन घोड्यावरून उतरला. हिरवा डगला, कमरेला शिंग, आणि सकाळपासून पोटात काही नसलेल्या माणसाचा चेहरा. त्याच्या माणसांनी हरिणी वर काढली, बाण काढून फडक्यात बांधला. मांस प्रथेप्रमाणे नदीपलीकडच्या महारोग्यांच्या आश्रमात जाणार होतं.

"महारोगी व्हावं म्हणतो," गर्दीतून कोणीतरी पुटपुटलं. "कधीमधी हरीण तरी खायला मिळेल."

कोणी हसलं नाही.

"पुन्हा तूच का, बाई?" वॉरिन हॉविसला म्हणाला. "हरणांना मरायला तुझंच कुंपण कसं सापडतं?"

"पलीकडे गाव आहे, मालक. तिथं मरायला त्यांनाही भीती वाटत असेल."

वॉरिनच्या ओठाचा एक कोपरा हलला. "कोणी आणून टाकलं?"

सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. सहा वर्षांत कोणी तिच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. एलियास तिसऱ्या रांगेत होता, चेहरा पिठासारखा. एक नाव उच्चारलं की संपलं असतं.

"माझ्या घराकडे कोणी येत नाही, मालक," हॉविस म्हणाली. "वाटेल त्याला विचारा. कोणी आलं असतं तर मला आनंदच झाला असता."

वॉरिनने खांदे उडवले आणि माग काढणाऱ्या कुत्र्याची दोरी सैल केली. रानाच्या कुत्र्यांची नखं शाबूत असतात. ते गवतातून सरळ गेलं, कुंपणावरून उडी मारून कोबीत शिरलं आणि नुकत्याच सारख्या केलेल्या मातीवर भुंकू लागलं.

एलियास पळाला नाही. "मी मारलं नाही," तो म्हणाला. "ओढलं फक्त."

"मारलं कोणी ते न्यायाधीश बघतील. ओढलंस म्हणजे लपवलंस. जामीन आण, दोन. घर असलेले, चूल असलेले. हा पळाला तर त्यांची जमीन जाईल, हे आत्ताच सांगून ठेवतो."

सबीना दारात येऊन उभी राहिली होती, एक हात पोटाखाली. एलियासने भोवती पाहिलं. ज्याच्यासोबत तो नांगर जोडत होता तो होता. ज्याच्या लग्नात नाचला होता तो होता. आणि सगळ्या माना एकेक करून खाली गेल्या, गव्हाच्या शेतावरून वारा गेल्यासारख्या.

हॉविसने हे बघितलं. खोटं कशाला सांगावं, या दृश्याची तिने वाट पाहिली होती. थंडीच्या दिवसांत एकटं बसून तिने कितीदा मनात आणलं होतं की एक दिवस यांच्यातल्याच कोणासाठी असंच होऊ दे, त्यालाही कळू दे. आता ते तिच्यासमोर होत होतं, आणि त्याची चव तिला वाटली होती तशी नव्हती. दारात उभ्या असलेल्या पोरीकडे बघताना तिला फक्त ओली राख आठवत होती.

"मी राहते जामीन," ती म्हणाली.

गर्दीत कुजबुज उठली. गावचा कारभारी रॅनल्फ पुढे आला. रुंद, घामट माणूस, टोपी हातात चुरगळत. "ती चालायची नाही, मालक."

"का?"

"तिला... गावात धरत नाहीत."

"मेलीय का? मला तर उभी दिसतेय."

"तसं नाही. रीत आहे आमची."

"रीत तुझी तुझ्यापाशी. नवऱ्याची जमीन हिच्या नावावर आहे, मला ठाऊक आहे. कायद्याला एवढंच हवं की या बाईची या गावात चूल आहे की नाही. कारभारी तू आहेस. नाही म्हण, मी हिला बाजूला करतो आणि पोराला घेऊन जातो. आहे म्हण, मी हिचं नाव लावतो. बोल."

रॅनल्फने मागे वळून आईकडे पाहिलं. गुन्नोरा म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. हॉविसच्या चुलीत पहिली बादली तिने ओतली होती. गिरणीवर, विहिरीवर, देवळात, सहा वर्षं रॅनल्फ एकच सांगत आला होता की त्या घरात चूल नाही. आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्या छपरातून धुराची एक बारीक रेघ वर चालली होती. ती रोज दिसायची. सगळ्यांना दिसायची.

गुन्नोराने काही खूण केली नाही.

"आहे," रॅनल्फ म्हणाला.

"मागच्यांना ऐकू दे."

"आहे, मालक. तिची चूल आहे."

वॉरिनने मान हलवली. "एक झाला. दुसरा?"

दुसरं कोणी पुढे आलं नाही. वॉरिनने घोडा ओढ्यावर नेला. "घोड्याचं पाणी पिऊन होईतो थांबतो," तो म्हणाला. घोडा सावकाश प्यायला. मध्येच मान वर करून गावाकडे बघितलं, पुन्हा प्यायला. माणसं घोड्याकडे बघत होती, जणू तोच काही बोलणार होता. मग घोड्याने तोंड झटकलं, आणि वॉरिनच्या माणसांनी एलियासचे हात बांधले.

"रविवारच्या आत शहराच्या वेशीवर दुसरा जामीन आला तर सोडीन. नाहीतर न्यायाधीश येतील तेव्हा."

जाताना एलियास हॉविसपाशी थबकला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण नजर खालीच.

"पायतणं बघू नकोस आता," ती म्हणाली. "समोर बघून चाल."

कलत्या उन्हात बायका बादल्या घेऊन आल्या. तिघी होत्या, पुढे गुन्नोरा. सबीनाच्या घराच्या उंबऱ्यात हॉविस बसली होती, पायाशी कोल. आत सबीना चुलीपाशी भिंतीला टेकून होती. चुलीवर कांद्याचं नि वाटाण्याचं कालवण शिजत होतं, कारण दुसरं काय करायचं हे तिला सुचलं नव्हतं.

"हॉविस, बाजूला हो," गुन्नोरा म्हणाली.

"नाव लक्षात आहे म्हणायचं, मावशी."

"टोमणे मारू नकोस. रीत आहे, तुला माहीत नाही का?"

"मला नाही तर कोणाला? कोणी घातली ही रीत?"

गुन्नोराने बादली खाली ठेवली. तिला धाप लागली होती. "मला विचारतेस? माझ्या बहिणीने असल्याच एका घरी कालवणाचं मडकं पोचवलं होतं. पोरं उपाशी होती म्हणून. रानाच्या लोकांनी तिच्या नवऱ्याला साथीदार ठरवलं. दोन्ही बैल नेले. त्या वर्षी बहिणीची दोन लेकरं गेली. त्यानंतर गावाने ठरवलं की अशा घराशी आपला काही संबंध नाही, आणि तो नाही हे रानाला दिसलं पाहिजे. म्हणून पाणी. मी काही हौस म्हणून बादली उचलत नाही."

"बैल राजाने नेले, मावशी," हॉविस म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "चुली आपण विझवल्या. चुलीत पाणी ओता असं राजाने कधी सांगितलं होतं? आज तो वॉरिन काय विचारत होता? चूल आहे का, एवढंच. त्याला चूल हवी होती. आपल्यालाच नको होती."

मागच्या दोघींपैकी एकीने बादली या हातातून त्या हातात घेतली.

"माझ्या चुलीत तुम्ही ओतलंत तेव्हा तिच्यावर जवाची रोटी होती," हॉविस पुढे म्हणाली. "थर्स्टनला वाटेत द्यायला भाजत होते. तो त्या वळणापर्यंतच गेला होता, मी धावत गाठला असता. तुम्ही ओतलंत आणि तो उपाशी गेला. ती ओली रोटी मला खाववली नाही, टाकवलीही नाही. बुरशी येईपर्यंत ठेवली होती."

"मी तुझ्यासाठी रडले नाही असं वाटतं तुला?"

"रडला असाल. दार लावून. त्या रडण्याची ऊब माझ्यापर्यंत आली नाही."

गुन्नोराने तोंड फिरवलं.

"पाणी ओतायचं तर ओता," हॉविस म्हणाली. "पण मी इथून उठायची नाही. माझ्या अंगावरून ओतावं लागेल. या कुत्र्याच्याही. त्याने तर कोणाचं काहीच केलेलं नाही."

आत कालवण रटरटत होतं. त्याचा वास बाहेर आला, साधा, रोजचा, प्रत्येकीच्या घरचा. मागच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि एकीने बादली तिथेच कोबीच्या वाफ्यात रिकामी केली. दुसरीनेही केली. गुन्नोराने मात्र केली नाही. ती तशीच भरली बादली उचलून, अर्धं पाणी परकरावर सांडत, काठी काखेत धरून घराकडे चालू लागली. 

हॉविस दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली. सबीनाने तिला वाडगाभर कालवण दिलं.  बोलायची सवय एकीची गेली होती, आणि दुसरीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"हे परत येतील का, काकू?" सबीनाने एकदाच विचारलं.

हॉविसने खोटा धीर दिला नाही. "आला नाही तर तुझी चूल मी राखीन," ती म्हणाली.

मग ती आपल्या घरी आली. घर नेहमीसारखंच होतं, गार नि गप्प. तिच्या मनात आलं, झालं काय शेवटी? पोरगा गेलाच. तो पळाला तर आपली जमीन जाईल. आणि उद्या विहिरीवर आपण सगळ्यांच्या मागेच उभ्या राहू. तिने निखारे राखेखाली पुरले आणि कोलला पायाशी घेऊन पडली.

पहाटे ती गुडघ्यांवर बसून फुंकर घालत होती. लाल डोळा उघडला. तेवढ्यात कोलने कान टवकारले. भुंकला नाही, दारावर थाप पडली की कुत्र्याने काय करायचं असतं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

दारात गुन्नोरा उभी होती. हातात मडकं.

"विस्तव हवा होता," ती म्हणाली. "चूल विझली माझी."

हॉविस तिच्याकडे बघत राहिली. कारभाऱ्याच्या घरी बायका काय कमी होत्या? सुना होत्या, नाती होत्या, राखेवर नजर ठेवायला रात्रीही कोणी ना कोणी जागं असे. गुन्नोरा नवरी होऊन आली तेव्हापासून त्या घरची चूल विझल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. म्हातारीच्या परकराची कड ओली होती आणि तिला राखेचा चिखल लागून वाळत आला होता.

"कशी विझली?"

"पाणी सांडलं."

"किती?"

गुन्नोराने तिच्या डोळ्यांत पाहिलं. "बादलीभर."

बाहेर कुठेतरी कोंबडा आरवला. हॉविस दारातून बाजूला झाली.

गुन्नोरा आत आली. सहा वर्षांपूर्वी ती जिथे उभी राहून गेली होती त्या जागेकडे तिने बघितलं, आणि मग चुलीपाशी, दगडांच्या कोंडाळ्याला हात टेकत, खाली बसली.

"रॅनल्फ उजाडायच्या आधीच गेला शहराकडे," ती म्हणाली. "जामीन राहायला. टोपी घरीच विसरला. वेशीवर तो वॉरिन भेटतो की नाही, देव जाणे. भेटला तरी ऐकेल की नाही."

"ऐकेल. त्याला चूलच हवी असते."

"आता आमच्यात ती पण नाहीये," गुन्नोरा म्हणाली, आणि तिच्या सुरकुत्यांत काहीतरी हललं. हसू होतं की दुसरं काही, ते कळलं नाही.

हॉविसने काटकीने दोन निखारे उचलून मडक्यात ठेवले. मग आणखी एक ठेवला. वर राखेचा हात फिरवला. मडकं तयार झालं. गुन्नोराने ते जवळ ओढलं, मांडीशी धरलं, पण उठली नाही.

"ती रोटी तू जवाचीच करायचीस की वाटाण्याचं पीठ घालायचीस त्यात?" तिने विचारलं.

"थोडं घालायचे. त्याला आवडायची तशी."

"हं."

दोघी म्हाताऱ्या बसून राहिल्या. ऊन दारातून आत सरकलं. मग गुन्नोरा उठली आणि मडकं घेऊन परसातल्या वाटेने न जाता गावाच्या मधल्या रस्त्याने, विहिरीवरून, गिरणीवरून चालत गेली. मडक्यातून धूर निघत होता. विहिरीवरच्या बायकांच्या हातातले दोर थांबले. विस्तव कोणाच्या घरचा, हे कोणी विचारलं नाही. ती कोणत्या दारातून बाहेर पडली ते साऱ्यांना दिसलं होतं.

थर्स्टन यामुळे काही परत येणार नव्हता. कुत्र्यांची नखं त्यानंतरही तुटत राहिली, कारण रानाचा कायदा एका गावाने बदलत नसतो. शिंग वाजलं की आजही माणसं दारं लावून घेतात, आणि त्या भीतीसाठी कोणाला दोष देता येणार नाही. तलवार राजाच्या हातात असते. पण बादली कोणाच्या हातात होती, आणि ती पुढच्या वेळी कोणाच्या उंबऱ्याकडे निघणार आहे, हे ज्याने त्याने आपल्या चुलीपाशी बसून स्वतःला विचारावं.